बांड्यानं खाल्लेला डबा

ही गोष्ट माझ्याशिवाय दोघांना ठाऊक आहे. त्यातला एक बैल आहे, तो बोलणार नाही. दुसरी एक बाई. ती बोलू शकली असती, पण ऐनवेळी तिनं माझी बाजू सांभाळून घेतली आणि हंगाम संपल्यावर आपल्या गावी निघून गेली. त्यामुळं आजवर कुठं वाच्यता झाली नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण अर्ध्या तासात दोनदा उठून पाणी पिऊन आलो. तहान लागलेली नाही.

गोष्ट डब्याची आहे. हसाल तुम्ही. माणसं मनात काय काय दाबून ठेवतात — कुणी बांध कोरलेला असतो, कुणी सख्ख्या भावाला फसवलेलं असतं — आणि हा गृहस्थ डब्याचं काय घेऊन बसलाय? मलाही असंच वाटायचं. डबाच तर आहे, असं स्वतःला सांगत मी तीन हंगाम काढले.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. काट्यावर उसाची गाडी चढते, मी भरलेलं वजन घेतो. गाडी रिकामी होऊन परत येते, मी रिकामं वजन घेतो. वजाबाकी मशीनच करतं, मी फक्त पावती फाडतो. अठरा वर्षं हेच करतोय आणि आजवर माझ्या पावतीवर कुणी बोट ठेवलेलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढं लागणार आहे म्हणून सांगतो.

आम्ही राहायला भिगवणला. मी, बायको वैशाली आणि मुलगी सई. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझी तब्येत तपासली, तर वजन एक्क्याण्णव किलो आणि रक्तातली साखर अगदी काठावर. साखर कारखान्यात काम करणाऱ्याच्या रक्तात साखर — हा विनोद तेव्हा प्रत्येक माणसानं मला ऐकवला. डॉक्टरांनी बारामतीच्या एका आहारतज्ज्ञ मॅडमकडं पाठवलं. मॅडम तरुण होत्या, पण बोलायला एकदम रोखठोक. म्हणाल्या, घरचं जेवण तुमचं ठीक आहे, दुपारचा डबा बदला. चार चपात्या, तेलाचा तवंग आलेली भाजी, वर भात. हे बसून काम करणाऱ्या माणसाचं जेवण नव्हे.

वैशालीनं ते वाक्य पदरात घेतलं. खरंच घेतलं. मी घरी आल्यावर विसरलो, ती विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती बारामतीच्या मोठ्या दुकानात गेली आणि ब्रेडच्या मांडणीसमोर चष्मा लावून उभी राहिली. मी तिच्या मागं ट्रॉली धरून. एकेक पाकीट उचलायची, उलटं करायची, मागची बारीक अक्षरं वाचायची. ब्राऊन ब्रेड म्हणून ज्याचा बोलबाला, त्याच्या मागं पहिलं नाव मैद्याचं. मल्टिग्रेन म्हणून पुढं गव्हाच्या लोंब्या छापलेल्या, मागं पुन्हा पहिला मैदाच, धान्यं शेवटच्या ओळीत. म्हणाली, "पयलं नाव ज्याचं, त्येच जास्त असतं व्हय ओ?" तिथल्या पोरीला विचारलं, तर तीही विचारात पडली. एका पाकिटावर स्लाईसमागं कॅलरी फारच कमी लिहिल्या होत्या. ते घरी आणून वैशालीनं स्लाईस वजनाला लावला. कागदासारखा पातळ निघाला. "अशा दोन स्लायसनं कुणाचं पोट भरतंय? चार खानार, मग कमी कुठं झालं?" तयार रॅप म्हणून जे मिळतात ते ताटाएवढे होते. त्यातला एक तिच्या पावणेदोन चपात्यांच्या वजनाचा भरला, शिवाय त्यात तेल वेगळं.

सईच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ती हे सगळं लिहून ठेवायची. बारावी झालेली बाई, लग्नानंतर तिच्या हातात पेन फक्त दुधाच्या खाड्यांसाठी आलेलं. त्या दिवसांत ती वही घेऊन बसायची तेव्हा तिचा चेहरा काही वेगळाच दिसायचा. मी तो पाहिला होता — हे नोंदवून ठेवा. पाहिलंच नाही, असं मला म्हणता येणार नाही.

शेवटी तिनं बाजारचं सगळं बाजूला सारलं आणि ज्वारीकडं वळली. ज्वारी तिच्या माहेरची, पळसदेवची. पण भाकरीची सुरळी होत नाही, ती दुमडली की तुटते, आणि डब्यात दुपारपर्यंत तर तिचे तुकडेच होतात. वैशालीनं तीन आठवडे त्याच्याशी झटापट केली. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, त्यात मूठभर कणीक, खूप मळायचं, पातळ लाटायचं, तव्यावर जरा कच्चटच ठेवायचं आणि लगेच ओलसर फडक्यात गुंडाळायचं. आत मोड आलेली मटकी, कोबी, काकडी, घट्ट दही आणि चवीपुरती शेंगदाण्याची चटणी. मॅडम त्याला रॅप म्हणायच्या, वैशाली सुरळी म्हणायची. मॅडमनी एकदा चाखून पाहिली. दुसरा घास घेतला. मग म्हणाल्या, "ताई, माझ्याकडं येणारे निम्मे लोक विचारतात, असा डबा कुठं मिळेल. हे तुम्ही करून देऊ शकाल?"

आणि मग त्यांनी एक अट घातली. फार साधी अट होती. म्हणाल्या, आधी तुमच्या मिस्टरांचं वजन उतरू द्या. तीन महिने हाच डबा. उतरलं तर मी माझ्या लोकांना छातीठोकपणे सांगीन, या ताईंचा डबा लावा. पंधरा डबे पहिल्याच महिन्यात देते.

घरी येताना एसटीत वैशाली खिडकीकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "पंधरा डब्यांना तवा मोठा लागंल."

आता तुम्हाला समजलं असेल. त्या तीन महिन्यांत मला फक्त जेवायचं होतं. बाकी सगळं ती करणार होती. बायकोच्या आयुष्यातली पहिली स्वतःची गोष्ट उभी राहायची होती, आणि माझ्याकडं काम कोणतं? डबा उघडून खाणं.

पहिले तीन दिवस खाल्ला. चौथ्या दिवशी नाही.

का नाही? मी स्वतःला ही तीन वर्षं एक कारण देत आलोय. काट्यावरची माणसं हसली म्हणून. हसली हे खरं आहे. बटर पेपरात गुंडाळलेली सुरळी मी दोन्ही हातांनी धरून खात होतो, तेव्हा एकजण म्हणाला, "भाऊसाहेब, बासरी वाजवताय काय?" मिशीवाला माणूस, ओशाळलो. पण हे कारण अर्धवट आहे — हे कारणच नाही. हसणारे दोन दिवसांत थकले असते. खरं कारण असं की कारखान्याच्या गेटसमोर टपरी आहे, तिथं मिसळ मिळते आणि एक वाजता कांदाभज्यांचा घाणा निघतो. बुधवारी मासळीचं कालवण. मला ते आवडतं. बस्स. यापेक्षा मोठं काही कारण मी कितीही खोदलं तरी सापडत नाही.

मग डब्याचं काय करायचं? अन्न टाकायचं नाही, हे आमच्या हाडात बसलेलं. उकिरड्यावर टाकताना मनाला लागलं असतं, आणि लागलं असतं तर बरं झालं असतं. पण हंगामात काट्याच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, बैलगाड्या नंबर लावून उभ्या असतात. आणि बैलाला घास घालणं म्हणजे टाकणं नव्हे. उलट ते चांगलं काम. लहानपणी आई ताटातली पहिली भाकरी गोठ्यात पाठवायची. तर मी बटर पेपर सोडवला आणि बायकोच्या तीन आठवड्यांच्या मेहनतीची सुरळी एका बैलाच्या तोंडाशी धरली. पाठीवर काळेपांढरे पट्टे, एक शिंग जरा वाकडं. बांड्या त्याचं नाव. त्यानं जिभेनं ओढून घेतली, डोळे मिटून चघळली. मला बरं वाटलं, हो. पुण्य केल्यासारखं वाटलं. एवढी सोयीची पापं आमच्याकडंच मिळत असावीत.

बांड्याची मालकीण सुमनबाई, पाथर्डीकडची ऊसतोड करणारी. नवरा तोडीवर थांबायचा, गाडी ही घेऊन यायची. पहिल्या दिवशी तिनं पाहिलं आणि विचारलं, "सायब, तुमी न्हाई जेवायचं?" मी म्हटलं, पोट बरं नाही. चारआठ दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. नुसती बघायची. तिच्या फडक्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा असायचा. एकदा वाटलं, सुरळी हिलाच द्यावी. दिली नाही. माणसाला दिली की चवीचं बोलणं निघतं.

गाडी दोन दिवसांआड यायची. मधल्या दिवसांत दुसरे बैल असायचे. पण बांड्याला माझा वेळ कळायला लागला. एक वाजला की टाकीजवळून मान लांब करायचा.

संध्याकाळी घरी गेलो की वैशाली रिकामा डबा हातात घ्यायची आणि विचारायची, "कसा झाला हुता?"

इथं थांबतो जरा. हे सांगणं बैलापेक्षा अवघड जातंय.

तुम्हीच सांगा, जे खाल्लं नाही त्याबद्दल काय बोलणार? रोज "चांगला होता" म्हटलं तर संशय येईल, असं मला वाटायचं. चोराला असंच काहीतरी वाटतं. म्हणून मी अधूनमधून नावं ठेवायला लागलो. मनानं रचलेली. एकदा म्हटलं, कडा वातड होतायत. तिनं उकडीत चमचाभर दही घालायला सुरुवात केली आणि दोन दिवस पीठ बिघडत राहिलं. एकदा म्हटलं, मीठ कमी. एकदा — हे सगळ्यात वाईट — मिसळ खाऊनही चारला पुन्हा भजी खाल्ली होती, घरी ढेकर आली, ती लपवायला म्हणालो, पोट भरत नाही गं, लवकर भूक लागते. ती म्हणाली, "मग सांगायचं न्हाई व्हय?" दुसऱ्या दिवसापासून सुरळीत मटकी वाढली.

मॅडमकडं दर पंधरा दिवसांनी जायचं होतं. पहिल्या खेपेला वजन तेवढंच. दुसऱ्या खेपेला ब्याण्णव. मॅडमनी काट्याकडं पाहिलं, मग वैशालीकडं. माझ्याकडं नाही. "ताई, काय काय घालता, पुन्हा सांगा." वैशालीनं वही उघडली. पीठ किती ग्रॅम, तेल किती थेंब, सगळं. मग म्हणाली, ह्यांना भूक लागत होती, म्हणून चमचाभर मटकी वाढवली. मॅडम म्हणाल्या, "इथंच चुकतं बघा. बायकांची माया डब्यात उतरते." वैशालीनं मान खाली घातली. भिंतीवर फळांचा तक्ता होता. मी त्यावरची पपई पाहत राहिलो. पपईच्या बिया मोजल्या.

परत येताना वैशाली मलाच म्हणाली, "माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, असू दे.

असू दे — मी तिला माफ केलं, बरं का.

त्यानंतर ती आणखी बारीक झाली. वजनानं नव्हे, तपासण्यात. सुरळीचं पीठ चाळीस ग्रॅमवरून पस्तीसवर आणलं. स्वतःही दुपारी तेच खायला लागली, कुठं चुकतंय ते कळावं म्हणून. सहा आठवड्यांत तिचं वजन चार किलोनं उतरलं. पण तिला त्याचं काही नव्हतं. म्हणायची, मी तर दिवसभर उभीच असते, माझं उतरणारच. खरं म्हणजे पुरावा समोर होता. डबा बरोबर होता. तिच्या अंगावर दिसत होतं ते. तिला फक्त एक माणूस सांगायला हवा होता, आणि तो माणूस टपरीवर दुसरा पाव मागत होता.

मग ती कारखान्यावर आली.

न सांगता आली, शेजारणीची स्कूटी घेऊन. सकाळचा डबा दुपारपर्यंत कसा राहतो, सुरळी सुकते का, पाणी सुटतं का, हे तिला प्रत्यक्ष बघायचं होतं. म्हणून तिनं दुसरा ताजा डबाही आणला होता, दोन्ही शेजारी ठेवून तपासायला. मी एक वाजता काट्याच्या खोलीतून डबा घेऊन टाकीकडं निघालो होतो, तर समोरून वैशाली. हातात माझ्या डब्याच्या पिशवीसारखीच निळी पिशवी — आमच्याकडं तशा दोन आहेत. ती गाड्यांच्या रांगेच्या कडेनं चालत होती.

बांड्यानं तिला नाही, पिशवीला पाहिलं. दोन पावलं पुढं सरकला, जू करकरलं, आणि मान लांब करून त्यानं पिशवीत तोंड घातलं. वैशाली दचकली, मग हसली. "आवं, ह्यो तर डबा वळखतोय."

माझे पाय तिथंच थांबले. सुमनबाई गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. किती वेळ? क्षणभरच असेल, पण त्या क्षणात तिनं सगळं तोललं असणार — ही कोण, ही पिशवी कुणाची, रोज हा माणूस काय करतो. मी हातही हलवला नाही, डोळ्यांनी खुणावलंही नाही. तेवढंसुद्धा करावं लागलं नाही. ती उठली, बांड्याची वेसण ओढली आणि म्हणाली, "लई हावरं हाय ह्ये जनावर. कुनाचीबी पिशवी सोडत न्हाई, बाई."

चार महिने खोपटात राहून ऊस तोडणारी बाई. तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं. ती का बोलली, मला माहीत नाही. बहुतेक वैशालीसाठी बोलली असावी.

वैशालीनं पिशवीतून एक सुरळी काढली, कागद सोडवला आणि बांड्याला आपल्या हातानं दिली. त्यानं नेहमीसारखे डोळे मिटले. तिनं त्याच्या कपाळावर हात फिरवला. "खा बाबा," म्हणाली. "तुला तरी आवडलं."

मग आम्ही काट्याच्या खोलीत बसून जेवलो. तिनं सकाळचा आणि ताजा, दोन्ही डबे उघडले. दोन्हींचा एकेक तुकडा मला दिला आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. पहिल्या तीन दिवसांनंतर मी ती सुरळी पहिल्यांदाच खात होतो. काय सांगू तुम्हाला? मऊ होती, दुमडूनही कुठं तडा नव्हता, ज्वारीचा गोडसर वास, मटकी करकरीत, दह्याचा आंबटपणा अगदी बेताचा. सकाळची सुरळीसुद्धा तितकीच. एवढी चांगली गोष्ट रोज माझ्या पिशवीत होती. मला आश्चर्य वाटलं, आणि ते मला चेहऱ्यावर येऊ देता येईना. अडीच महिने रोज खाणाऱ्या माणसाला आश्चर्य कसं वाटेल?

"कशी हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "रोजच्यासारखीच."

तिनं मान हलवली आणि डबे बंद केले.

तरीही वेळ गेली नव्हती. शेवटची खेप अजून बाकी होती. त्या आठ दिवसांत मी टपरीवर गेलो नाही, सुरळी खाल्ली, भूक मारली. शाळकरी पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडतात, तसं. आणि मनात वाक्य जुळवत राहिलो. एकच वाक्य. "डबा मी खाल्ला नाही." चार शब्द. काट्यावर बसून पाठ केले. गाड्या येत होत्या, मी पावत्या फाडत होतो आणि ओठांतल्या ओठांत चार शब्द.

बारामतीला गेलो. वजन त्र्याण्णव.

मॅडमनी आकडा लिहून घेतला. मग पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "खरं सांगा. तुम्ही बाहेरचं काही खात नाही ना?"

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. 'खातो' म्हणायचं होतं. चार शब्दही नकोत, एकच. माझ्या शेजारी वैशाली, तिच्या मांडीवर वही. मी म्हणालो — "नाही."

मॅडमना ते पटलं नसावं. त्यांनी भुवई जराशी उचलली. तेव्हा वैशाली बोलली. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, सावकाश. "मॅडम, ते खोटं नाही बोलत. पंधरा वर्षं काट्यावर आहेत. वजनाच्या बाबतीत तर नाहीच बोलणार."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

वैशालीच पुढं म्हणाली, "माझ्याच हाताला काहीतरी जमत नाही. तुमच्या लोकांचं नुकसान नको. डबे दुसऱ्या कुणाला सांगा." मॅडमनी थोडं थोपवलं, पुन्हा प्रयत्न करू म्हणाल्या, पण तिचं ठरलं होतं. वही तिनं पिशवीत टाकली. जिना उतरताना मी तिच्या मागं होतो. दहा-बारा पायऱ्या असतील. प्रत्येक पायरीला वाटलं, आता सांगू. शेवटच्या पायरीवर ती वळून म्हणाली, "एसटी सुटंल. चला."

मी चाललो.

मोठा तवा तिनं आधीच घेऊन ठेवला होता. तो बरेच दिवस ओट्याखाली होता, नंतर बहिणीला दिला. ते डबे बारामतीतल्या एका बाईंना मिळाले असं ऐकलं. चांगलं चालतंय म्हणे त्यांचं. वैशाली आता डाळिंबाच्या पॅकिंगला जाते. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा, उभ्यानं प्रतवारी करायची. पाय सुजतात. तक्रार करत नाही. कधी शेजारच्या बायका विचारतात, तुमी त्ये ज्वारीचं करत हुता, शिकवा की. ती हसून म्हणते, "मला कुठं जमलं त्ये." मी आतल्या खोलीत पेपर वाचत असतो. पेपर वाचत नसतो.

त्यानंतर मी टपरी सोडली, असं तुम्हाला वाटेल. नाही सोडली. कमी केली. वजन अठ्ठ्याऐंशीवर आलंय. वैशाली म्हणते, माझा डबा बंद झाला आणि तुमचं उतरलं बघा. गमतीनं म्हणते. मीही हसतो.

सुमनबाई पुढच्या हंगामाला आली नाही. बांड्याही नाही.

मग आजच का सांगतोय? कालचं सांगतो.

सई आता बारामतीला बारावीला आहे. रोज सकाळच्या एसटीनं जाते. कॉलेजातल्या मुलींच्या डब्यांत काय काय असतं, त्यात कॅलरी किती, हे ती मोबाईलवर बघत असते. काल सकाळी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "आई, ब्रेडबिड नको. तू पप्पांना द्यायचीस ना, ज्वारीचा रॅप? तसला दे ना मला."

वैशाली कणीक मळत होती. हात थांबला. म्हणाली, "नगं बाई त्ये. त्यात माझं कायतरी चुकत हुतं. तुझ्या पप्पांचं वजन वाढलं हुतं त्यानं." मग मागं न बघता म्हणाली, "इचार की त्येंला. तीन महिनं रोज खाल्लंय त्येंनी."

सई माझ्याकडं वळली. मी बूट घालत होतो. घरात आम्ही तिघंच. बाहेर कुणी नाही, मॅडम नाहीत, काट्यावरची माणसं नाहीत. वैशालीची पाठ माझ्याकडं होती आणि ती उत्तराची वाट बघत होती. तेवढं मला त्या पाठीवरून कळलं. वीस वर्षांचा संसार आहे.

मी नाडी बांधली. म्हणालो, "चपातीच ने."

वैशालीनं पुन्हा कणीक मळायला घेतली.